मानपत्रातलं इंग्रजी

ज्या सरांनी मला इंग्रजी शिकवलं, त्यांना मी भर मांडवात, माइकवरून, इंग्रजीतच चोर म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही लाजल्यासारखं करून त्या टाळ्या घेतल्या. आपण काय बोललो हे कळायला मला पुढं तीन वर्षं लागली. सरांना ते त्याच क्षणी कळलं होतं.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेच्या पायरीला शिवली नाही. आमचं गाव अड्याळच्या बाजारापासून सायकलनं अर्ध्या तासावर. घरी धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, दोन बैल, एक म्हैस. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी नववीत होते. भूगोलाच्या पुस्तकात जुनाच जिल्हा छापलेला, तेव्हा सरांनी फळ्यावर खडूनं नवा जिल्हा काढून दाखवला. सर शिकवायचे इंग्रजी, पण त्यांच्या तासाला असं काहीही निघायचं. मूळचे ते तुमसरकडचे. तरुणपणी नोकरीला म्हणून आमच्या गावात आले आणि इथलेच झाले.

इंग्रजी मला आवडायचं, कारण ते मला जमत होतं. जमण्याची माझी रीतही सरळ होती. बाजारातून एक गाईड आणलं होतं. त्याच्या शेवटी वाक्प्रचारांची पानं होती. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी अर्थ. मी ती पानंच्या पानं पाठ केली. रोवण्याच्या दिवसांत मीही बांधीत उतरायचे. धानाच्या रोपांची जुडी डाव्या हातात, उजव्या हातानं चिखलात एक एक रोप खोचत मागं सरकायचं, आणि तोंडानं पुटपुटायचं. एका रोपाला इंग्रजी, दुसऱ्याला अर्थ. ओळीतल्या बाया हसायच्या.

"काय पुटपुटून राहिली व?"

"इंग्रजी."

"मंग मोठ्यानं म्हण ना बाई. धानाले भी येऊन जाईन थोडं."

'अ पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. केक मी तोवर खाल्लेला नव्हता, आणि तो सोपा कसा असतो असा प्रश्नही मला पडला नाही. 'बीट अराउंड द बुश', मुद्दा सोडून बोलणं. तिथं कोणतं झुडूप, ते कोण बडवतं, कशासाठी बडवतं, माझं काही अडलं नाही. पेपरात दोन मार्कांना यायचे, मी दोन्ही घ्यायचे. सर माझी उत्तरपत्रिका वर्गात उंच धरून दाखवायचे. "पाहा रे. लाल पेन टेकवाले जागा नाही."

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सर निवृत्त झाले. गावानं मोठा निरोप समारंभ ठरवला. आमच्याकडं अशा वेळी शाल-श्रीफळ देतात आणि मानपत्र वाचतात. मानपत्र सुंदर अक्षरात छापून, काचेच्या चौकटीत बसवून, सर्वांसमोर हातात द्यायचं. दरवेळी ते मराठीचे गुरुजी लिहायचे. पण शाळा समितीच्या बैठकीत कोणीतरी बोललं, "इंग्रजीच्या मास्तरले मराठीत मानपत्र? शोभते का?" झालं. सगळ्यांना पटलं. ज्या भाषेतलं एक वाक्यही मांडवातल्या लोकांना समजणार नव्हतं, त्या भाषेत गावाच्या मनातलं सांगायचं ठरलं. भंडाऱ्याच्या एखाद्या प्राध्यापकाकडून लिहून आणू, असं चाललं होतं. बाबा दाराशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "भंडाऱ्याले कायले जाता? आमची पोरगी काय मेली का?"

मी चार दिवस खपून ते लिहिलं. गाईड उशाशी. प्रत्येक ओळीत एक तरी वाक्प्रचार आलाच पाहिजे असा माझा हट्ट, कारण वाक्प्रचार म्हणजे दागिना असं सरांनीच सांगितलं होतं. त्यात दोन वाक्यं अशी होती. सर वॉज हँड इन ग्लव्ह विथ द लीडर्स ऑफ अवर व्हिलेज. इन अवर सॉइल ही फेदर्ड हिज नेस्ट.

मला काय म्हणायचं होतं? सर गावातल्या पुढाऱ्यांबरोबर खांद्याला खांदा लावून राबले. गाईडमध्ये 'हँड इन ग्लव्ह'समोर छापलं होतं, 'अतिशय निकटचे संबंध असणे.' आणि बाहेरून आलेल्या या माणसानं आमच्या मातीत आपला संसार उभा केला, फुलवला. 'फेदर वन्स नेस्ट'समोर होतं, 'स्वतःची भरभराट करणे.' घरटं, पिसं, भरभराट. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "गोड लागते."

आता यातली दुसरी बाजू सांगते, नाहीतर त्या दोन वाक्यांचं वजन समजणार नाही. शाळेला आधी तीनच खोल्या होत्या. सरांनी आणि तेव्हाच्या सरपंचांनी एका हंगामात गावातल्या प्रत्येक खळ्यावर जाऊन शाळेसाठी टोपलीभर धान मागितलं. मळणी झाल्यावर खळ्यावरून कोणाला रित्या हातानं पाठवायचं नाही ही आमची रीत, त्यामुळं सगळ्यांनी दिलं. त्या धानावर शाळेच्या दोन खोल्या उठल्या. आणि नेमकं त्याच साली सरांनी गावात स्वतःचं घर बांधलं. पानठेल्यावर लोक बोलायचे. "शाळेच्या इटा आन् मास्तरच्या इटा एकाच ट्रॅक्टरनं आल्या म्हणते बापा." कोणी तोंडावर बोललं नाही, कोणी काही सिद्धही केलं नाही. सर कधी त्यावर बोलले नाहीत. मी तर ती कुजबुज ऐकूनही कधी मनावर घेतली नव्हती. सरांचं घर मी आतून पाहिलं होतं. एक खोली पुस्तकांची, आणि पावसाळ्यात तीच गळायची.

तर समारंभाच्या दिवशी मी ते मानपत्र वाचलं. ठणठणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता. त्या दोन वाक्यांपाशी सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. मांडवातल्या लोकांना वाटलं, मास्तरांचे डोळे भरले. मलाही तसंच वाटलं, आणि मी आवाज आणखी चढवला. मग सर उत्तराला उठले. मोठं भाषण होईल म्हणून लोक सरसावून बसले होते. सर म्हणाले, "गावानं जे दिलं, ते मी डोक्यावर घेतो," आणि खाली बसले.

घरी येताना बाबा भेटेल त्याला थांबवून सांगत होते. "पोरगी इंग्रजीत बोल्ली. मास्तर गप झाला ना गा! बोलता नाई आलं त्याले."

त्यानंतर सर माझ्याशी तुटक वागू लागले. आधी बाजारात दिसले की सायकल थांबवून विचारायचे, "काय वाचून राहिली आता?" आता म्हणायचे, "बरं आहे," आणि वांगी निवडू लागायचे. मी मनाशी म्हटलं, निवृत्त झालं की माणूस असाच होतो. मोठ्या माणसाच्या वागण्याला आपण किती पटकन वयाचं कारण लावतो! पेढे घेऊन गेले, बी.ए. पास झाले म्हणून, तेव्हा त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. तेही मी साखरेच्या आजारावर ढकललं.

लग्न होऊन मी लाखनीला आले. तिथं महामार्गाला लागून, टायरच्या दुकानाच्या वर एक खोली भाड्यानं घेतली आणि नोकरीच्या परीक्षांचा क्लास सुरू केला. बाहेर ट्रकांचे भोंगे, आत माझं इंग्रजी. वाक्प्रचार शिकवण्यात माझं नाव झालं होतं. फळ्यावर दोन रकाने आखायचे, शंभर लिहून द्यायचे, दुसऱ्या दिवशी शंभर वदवून घ्यायचे. मुलं पास होत होती.

त्या क्लासला एक अंगणवाडी सेविका यायच्या. चाळिशीच्या आसपासच्या. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं, आणि वयोमर्यादेमुळं तो त्यांचा शेवटचा प्रयत्न. इतरांपेक्षा जास्त कष्ट करायच्या, पण माझे शंभर काही त्यांना पाठ होत नव्हते. एक दिवस मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "ताई, यात समजायचं काही नाही. घोकायचं आहे."

"मॅडम, घोकतो ना मी. पण डोक्यात बसत नाही. मले एक सांगा, हे तोंडावर म्हणतेत का मागं?"

"काय?"

"हेच. म्हणजे कोण कोणाले म्हणते? सासू सुनेले म्हणू शकते का? साहेबाले म्हटलं तर साहेब खूश होईन का नोकरी जाईन?"

वर्ग हसला. मीही हसले. पण त्या थट्टा करत नव्हत्या. म्हणाल्या, "आमचं कामच तसं हाय मॅडम. लेकराचं वजन कमी भरलं तर त्याच्या आजीसमोर 'अशक्त' नाही म्हणत मी. म्हटलं की पुढच्या महिन्यात लेकरू वजनालेच येत नाही. आजीसमोर 'जरा हलकं हाय' म्हणतो, आन् माय एकटी भेटली की खरं सांगतो. शब्द कोणापुढं काढायचा, थे कळल्याशिवाय शब्द ध्यानातच नाही राहत."

मी फळ्याकडं पाहिलं. त्या दिवशीच्या यादीत वरून सातवा होता, 'फेदर वन्स नेस्ट.' त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं, अगदी सहज, उदाहरण म्हणून. "आता हे पाहा. स्वतःची भरभराट करणे. हे आशीर्वाद म्हणून म्हणतेत, का 'यानं आपलंच घर भरलं' म्हणतेत, तसं?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

शिकवायला लागल्यापासून 'उद्या सांगते' मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. माझ्याकडं नागपूरहून आणलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. तो क्लासच्या टेबलावर असायचा, पालकांना दिसावा म्हणून. मुलं गेल्यावर मी तो उघडला. तिथं अर्थाच्या आधीच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं की हा प्रयोग निंदेसाठी करतात. पुढं अर्थ: आपल्या पदाचा फायदा घेऊन, बहुधा अप्रामाणिकपणे, स्वतःचं भलं करून घेणं. मी पानं उलटून 'हँड इन ग्लव्ह' काढलं. निकटचे संबंध, हो. पण विशेषतः गैरकामात. आपण ज्याला संगनमत म्हणतो ते.

गाईड खोटं नव्हतं. त्यानं हाडं दिली होती, मांस दिलं नव्हतं. माझी दोन वाक्यं मी आता नीट, एकामागोमाग एक वाचली. सर गावच्या पुढाऱ्यांशी संगनमत करून होते. आमच्या मातीत त्यांनी आपलं घर भरलं. पानठेल्यावरची कुजबुज मी शुद्ध इंग्रजीत, काचेत मढवून त्यांच्या हातात दिली होती.

लगेच गेले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवस मी गेले नाही. क्लास आहे म्हटलं, पाहुणे आहेत म्हटलं. आणि एक विचार तर असा आला की तो लिहायलाही लाज वाटते. मनात आलं, सरांचं इंग्रजी तरी एवढं कुठं आहे? खेड्यातले मास्तर, कदाचित त्यांनाही नसेल कळलं. तो विचार मी दोन दिवस जवळ बाळगला. मग तो पेढा आठवला, वांगी आठवली, चष्मा आठवला. रविवारी सकाळच्या गाडीनं अड्याळला उतरले आणि गावापर्यंत चालत गेले.

सरांच्या घरी काकू ओसरीत सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. सर आत खुर्चीत. "ये," म्हणाले. "बस." पुस्तकांच्या खोलीतल्या भिंतीवर शाळेच्या मुलांबरोबरचा फोटो होता, पंचायतीनं दिलेली मराठी चौकट होती, तालुक्याचं प्रशस्तिपत्र होतं. माझं मानपत्र नव्हतं.

मी विचारलं, "सर, मानपत्र?"

काकूच बाहेरून म्हणाल्या, "कपाटामागं ठेवून हाय थे. मी म्हणतो लावा, लावा, पोरीनं मेहनतीनं लिवलं. तर म्हणतेत खिळा नाही. तीन वर्सांत यायले एक खिळा नाही भेटला!"

"सर, त्यात दोन वाक्यं..."

"पाठ आहेत मला," सर म्हणाले, आणि त्यांनी ती दोन्ही म्हणून दाखवली. उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. "व्याकरणाची एकही चूक नाही."

"सर, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

मी सांगितलं. खांद्याला खांदा, मातीतला संसार, सगळं. सर ऐकत होते, पण त्यांचा चेहरा सैल होत नव्हता. म्हणाले, "तुला खरं सांगू? गाव बोलायचं त्याचं मला काही वाटलं नाही. लोक बोलतात. पण तू? तुझ्या पेपरात मला तीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं इंग्रजी दिसलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, चुकलं पोराचं. तुझं चुकेल असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, हिच्याही मनात तेच आहे. तोंडावर म्हणायची हिंमत नाही, आणि लोकांत माझी लाजही काढायची नाही. म्हणून मला एकट्यालाच समजेल अशा भाषेत हिनं सांगितलं. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे."

मला वाटत होतं मी चुकीची माफी मागायला आले आहे. इथं चूक मोजलीच गेली नव्हती. माझ्या हुशारीवरच्या विश्वासामुळं हा माणूस तीन वर्षं जळत बसला होता.

"सर, गाईडमध्ये अर्थच..."

"गाईडवाल्याला मी ओळखत नाही," सर म्हणाले. "तुला ओळखतो."

मी म्हटलं, मी गावासमोर सांगते. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यापाशी उभी राहते आणि माइकवर सांगते की त्या दोन वाक्यांत मी चुकले.

"खबरदार," सर म्हणाले. "ज्याला कळलंच नाही त्याला समजावून सांगशील? आज पाच लोक बोलतात, उद्या पन्नास बोलतील. आणि म्हणतील, आता तर छापूनही आलं."

तेही खरं होतं. मांडवातलं मांडवात परत घेता येत नव्हतं. देण्यासारखी माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी आजवर कोणालाच दिली नव्हती. बाबांना नाही, वर्गाला नाही, त्या सेविकाताईंनाही नाही. त्यांनाही मी अर्थ सांगितला होता तो 'मला माहीतच होतं' अशा थाटात. सरांशी मी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी ते निघेना.

"सर," मी म्हटलं, "मले इंग्रजी येत नव्हतं. मले नुसतं पाठ होतं. तुमी वर्गात पेपर दाखवत होते, तवाही येत नव्हतं."

सरांच्या खांद्यांना काहीतरी झालं, आणि मला कळेना की हे रडत आहेत की काय. ते हसत होते. खुर्चीचे हात धरून, खोकत, डोळे पुसत हसत होते.

"अवो!" त्यांनी ओसरीकडं हाक दिली. "ऐकलं का? हिले येत नव्हतं! इंग्रजी येतच नव्हतं हिले!"

काकूंचं सूप थांबलं. त्या दारात आल्या, एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

"मंग त्यात हसाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "शिकवत तर तुमीच होते ना?"

सरांचं हसू एकदम थांबलं. "हो," ते म्हणाले. "मीच." आणि उठून त्यांनी बाजूची खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली.